पेटंटचे खटले वाचणारी मेकॅनिकलची मुलगी

प्रश्न : माझं सांगलीत लेथचं वर्कशॉप आहे. मुलगी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिला पेटंटचे खटले वाचायचा नाद लागलाय. इंजिनिअरिंग सोडून लॉ करते म्हणते. काय करावं? – एक पालक

उत्तर : डिग्री अर्धवट सोडू देऊ नका, आणि नादही मोडू नका. पेटंटच्या भांडणात कळीचा प्रश्न बहुधा यंत्राचाच असतो : हे आधी कुणी केलं होतं का?

एक खटला तुम्हाला चटकन कळेल. मिर्झापूरच्या एका भांडी कारखान्यात लेथवर फिरणारं भांडं हेडस्टॉकवरून, म्हणजे लेथच्या फिरवणाऱ्या टोकावरून, निसटून उडायचं, कामगाराला धोका व्हायचा. त्यांनी भांडं टेलस्टॉकच्या, म्हणजे समोरच्या टोकाच्या आधाराच्या, दाबानं धरायची सोय केली, १९५१ चं पेटंट मिळवलं आणि दुसऱ्या पेढीवर नकलेचा दावा लावला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं ते पेटंटच रद्द ठरवलं. टोकदार टेलस्टॉक लेथवर कितीतरी आधीपासून होता. जुनीच युक्ती थोड्या फरकानं भांड्यांसाठी वापरली, हा शोध नव्हे. टेलस्टॉक काय करतो हे ज्याला कळत नाही, त्याला हा वाद कसा मांडता येणार?

तिची आवड पारखायची तर तिला एक पेटंट आणि त्याआधीचं तशाच यंत्राचं दुसरं पेटंट घ्यायला सांगा. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर ती फुकट वाचता येतात. नव्याच्या पहिल्या क्लेमचे, म्हणजे ‘एवढं आमचं’ असं सांगणाऱ्या वाक्याचे, तुकडे पाडायचे, प्रत्येकासमोर जुन्या ड्रॉइंगमधला भाग लिहायचा. सगळे तुकडे त्या एकाच जुन्या कागदात सापडले तर नावीन्य गेलं. एखादा राहिला, तर तो बदल जाणकार माणसाला सहज सुचला असता का, हा पुढचा प्रश्न. हे काम कंटाळवाणं आणि चिकाटीचं आहे. ते करताना तिचं मन रमलं, तर ही वाट तिची आहे असं मी खात्रीनं म्हणेन.

पेटंट एजंट म्हणजे इतरांसाठी पेटंटचे अर्ज तयार करून कार्यालयात चालवणारा माणूस. त्याच्या परीक्षेला विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी लागते. म्हणूनच डिग्री आधी. दोन लेखी पेपर आणि तोंडी परीक्षा असते. ती दर वर्षी होतेच असं नाही, त्यामुळे केवळ परीक्षेच्या भरवशावर बसू नये. दरम्यान एखाद्या पेटंट फर्ममध्ये जुनी पेटंटं शोधायचं काम शिकावं. कोर्टात उभं राहायचं असेल, तर पदवीनंतर तीन वर्षांचं एलएलबी आहेच.

तिचा तो तक्ता तुम्हीही एकदा नजरेखालून घाला. लेथच्या भागांबाबत कुठे चूक झाली असेल, तर ती तुम्हालाच आधी दिसेल.