शेत विकून दशांश देऊ नका, पीक आलं की द्या

सलाम भाऊ,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मला समजलं ते आधी थोडक्यात मांडते, म्हणजे कुठे चूक असेल तर कळेल.

पिंपरीतल्या कंपनीतून तुम्ही साठाव्या वर्षी निवृत्त झालात. पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून 44 लाख आले. घर स्वतःचं आहे आणि पीएफची पेन्शन महिना 4,200 आहे. घरात तुम्ही, 56 वर्षांच्या वहिनी आणि 81 वर्षांच्या आई. मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असून तिच्या नावावर तीन लाखांचं शैक्षणिक कर्ज आहे. घरखर्च 22 हजार. आपल्या ख्रिस्ती मंडळीच्या नव्या मंदिराचं, म्हणजे चर्चचं, बांधकाम सुरू होतंय आणि तुम्हाला त्यासाठी दहा लाख द्यायचे आहेत. आजवर दशांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा देवाला, तो हातात येणाऱ्या पगारातून दिला, कापून जाणाऱ्या पीएफवर दिलाच नाही, ही टोचणी त्यामागे आहे. उरलेल्यांतले 25 लाख पतसंस्थेत 11 टक्क्यांनी ठेवायचे, म्हणजे घर चालेल, असा बेत आहे. वहिनींना तो पटलेला नाही. तुम्ही विचारता, "देवाला देताना हिशोब करणं म्हणजे अविश्वास नाही का?"

नाही. बुरूज बांधायला निघालेल्या माणसाने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, हे प्रभू येशूनेच सांगितलंय. योसेफानेही सुकाळाच्या सात वर्षांत दरवर्षी पिकाचा पाचवा हिस्सा कोठारात भरला आणि त्यावरच दुष्काळात मिसर, म्हणजे इजिप्त, जगला. कारभारी या शब्दातच कारभार आला, आणि वही न ठेवता कारभार होत नाही.

आता टोचणीकडे वळते, कारण तुमचे दहा लाख तिच्यातूनच आले आहेत. पवित्र शास्त्रातल्या लेवीय या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात जमिनीच्या बाबतीत दशांश आहे तो भूमीच्या उपजाचा, धान्याचा आणि झाडाच्या फळांचा. तो शेताचा नाही. शेत तर कायमचं विकायचंच नाही, जमीन माझी आहे, असं देव पंचविसाव्या अध्यायात म्हणतो. माझी आजी नेवासा तालुक्यातली. घरी दोन म्हशी. शनिवारी संध्याकाळी ती चुलीपुढे बसून दुधाचे पैसे मोजायची आणि दर दहातला एक रुपया वेगळ्या डालड्याच्या डब्यात टाकायची. त्या डब्याला घरात कोणी हात लावत नसे, ताप आला तरी नाही. कापणीच्या सणाला लिलावासाठी ती कोंबडी न्यायची, भोपळा न्यायची. म्हैस मात्र तिने कधी नेली नाही. पुढच्या शनिवारी दूध कुठून येणार, हे तिला कोणी शिकवावं लागलं नव्हतं.

तुमचे 44 लाख ही ती म्हैस आहे. 33 वर्षांच्या पगाराचा जो भाग पुढच्या 25 वर्षांच्या भाकरीसाठी बाजूला पडला, तो हा. त्यातून जे दूध निघेल त्यावर दशांश द्या, दर महिन्याला, शेवटपर्यंत. राहिलेला दशांश असाच फिटत जाईल.

याच्या उलट उदाहरण पवित्र शास्त्रात आहे, ते झाकून ठेवणार नाही. बर्णबाने शेत विकलं आणि पैसे प्रेषितांच्या पायांशी ठेवले. पण पुढच्याच अध्यायात जमीन विकून काही पैसे लपवणाऱ्या हनन्याला पेत्र सांगतो की जमीन विकली नव्हती तेव्हा ती तुझीच होती, आणि विकल्यावर पैसाही तुझ्याच हातात होता. म्हणजे सक्ती कोणावरच नव्हती. पौलानेही करिंथकरांना प्रत्येकाने मनात ठरवल्याप्रमाणे द्यायला सांगितलं, कुरकुरत किंवा भाग पडतं म्हणून नव्हे. टोचणीपोटी दिलेले दहा लाख मला भाग पडल्यासारखे वाटतात. तुमचं मन तुम्हीच तपासा.

आता आकडे. पोस्टात किंवा बँकेत ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका माणसाला 30 लाखांपर्यंत ठेवता येतात. सध्या दर 8.2 टक्के आहे आणि ठेवताना जो दर लागेल तो पाच वर्षं बदलत नाही. 30 लाखांवर तिमाहीला 61,500, म्हणजे महिन्याला 20,500. त्यात पेन्शन मिळवली की 24,700. दशांश 2,470 बाजूला काढा. उरले 22,230 आणि खर्च आहे 22,000. वर्षाचं हे उत्पन्न तीन लाखांच्या आत बसतं, त्यामुळे प्राप्तिकर लागणार नाही. व्याजातून आधीच कर (टीडीएस) कापू नये म्हणून तेवढा फॉर्म दरवर्षी भरून द्या.

तुम्ही म्हणाल, दहा लाख दिले तरी 34 उरतात, 30 या योजनेत जातील, मग अडचण कुठे आहे? आज कुठेच नाही, हे खरं आहे. अडचण बारा वर्षांनी येईल. महागाई सहा टक्के धरली तर आजचे 22 हजार तेव्हा 44 हजार झालेले असतील आणि व्याज 20,500 च्या आसपासच थांबलेलं असेल. तुम्ही 72 चे असाल, वहिनी 68 च्या. तुमच्या मागे त्यांना पेन्शन मिळेल ती निम्मी, म्हणजे 2,100. तुमच्या पत्रात वहिनींचं वाक्य एकच आहे, "माझं पुढे काय?" ते अविश्वासाचं वाक्य नाही. घरच्यांची तरतूद न करणारा विश्वास नाकारतो, असं पौल तीमथ्याला लिहितो, आणि मला त्याहून कडक शब्द माहीत नाही.

म्हणून 30 लाखांच्या वर उरणाऱ्या 14 लाखांची माझी मांडणी अशी. चार लाख बँकेत, सहज मोडता येतील अशा छोट्या छोट्या ठेवींत. कंपनीचा मेडिक्लेम आता संपला आणि तुम्हाला मधुमेह आहे, तेव्हा दोघांचा आरोग्य विमा याच महिन्यात घ्या. आधीच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, म्हणून उशीर नको. चार लाखांच्या व्याजातून हप्त्याचा बराच भाग निघेल. आईंचं सत्तरीवरच्यांसाठीचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढून घ्या, पाच लाखांपर्यंतचे उपचार त्यात बसतात. आईबापांचा आधार काढून घेऊन ते 'कुर्बान' म्हणजे देवाला वाहिलं म्हणणाऱ्यांना प्रभू काय बोलला, ते मार्काच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात आहे.

आठ लाख वर्षभरात हप्त्या-हप्त्याने बॅलन्स्ड अ‍ॅडव्हांटेज किंवा इंडेक्स फंडात, म्हणजे शेअर बाजारात पैसे गुंतवणाऱ्या म्युच्युअल फंडात, टाका आणि निदान दहा वर्षं विसरा. बारा वर्षं नऊ टक्के मिळाले तर साडेबावीस लाख होतील. हमी नाही, मधे एखादं वर्ष रक्कम घटलेलीही दिसेल. पण वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर याच आठ लाखांत आहे.

उरलेले दोन लाख मंदिराला, आनंदाने. एकदम नको. पायाला, स्लॅबला आणि छताला असे तीन हप्ते करा. पैसे ट्रस्टच्या खात्यावर जाऊ द्या, कोणा एकाच्या खात्यावर नको, आणि पावती घ्या. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे का, हिशोब तपासून घेतले जातात का, नकाशा मंजूर आहे का, हे पाळकसाहेबांना मोकळेपणाने विचारा. यरुशलेमच्या गरिबांसाठीची वर्गणी नेताना कोणी बोट दाखवू नये म्हणून पौलाने सोबत दुसरे भाऊ घेतले होते. तुमच्या प्रश्नात अपमान काहीच नाही. करसवलत मात्र धरू नका. नव्या करप्रणालीत दानावरची ही सवलत नाही, आणि एकाच धर्मसमाजासाठीच्या ट्रस्टला ती जुन्या प्रणालीतही सहसा लागू होत नाही.

पतसंस्थेला माझा साफ नकार. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. माझ्या मावशीने मुलाच्या लग्नासाठी साठवलेले पैसे एका पतसंस्थेत अडकले. लग्न उसनवारीवर झालं आणि ठेवीची पावती आजही तिच्या पवित्र शास्त्राच्या पानांत घडी करून ठेवलेली आहे. मोठं दान देता यावं म्हणून मोठा धोका पत्करायचा, हा तुमच्या बेतातला मला सगळ्यात खटकलेला भाग. दिलेलं राहील, पण घरातलं जाईल.

मुलीचं कर्ज तुम्ही फेडू नका. शिक्षण चालू आहे तोवर व्याज भरत राहा, म्हणजे डोंगर होणार नाही. नोकरी लागली की हप्ता तिने भरावा, आणि पहिल्या पगाराचा दशांशही तिनेच काढावा.

एक गोष्ट तुमच्या मनात येईलच. शास्त्रातल्या गरीब विधवेने मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, टाकल्या, सगळी उपजीविका टाकली, मग मी हात का आखडू? त्या बाईचं देणं मी मोजू शकत नाही. फक्त मार्काच्या बाराव्या अध्यायात तिच्या गोष्टीच्या अगदी आधीचं वचन वाचा. विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांना प्रभू तिथे झाडतोय. दोन्ही वचनं एकत्र वाचून मग वहिनींशी बोला.

पोस्टात खातं उघडायला एकटे जाऊ नका. ते दोघांच्या नावे काढता येतं, तेव्हा आधार आणि पॅन घेऊन वहिनींनाही सोबत न्या. फॉर्मवर त्यांची सही लागेल.