पाच वर्षांचा बाँड, कोरे चेक आणि वडिलांची सही

प्रश्न : मी निफाड तालुक्यातला, वय २७. वडिलांनी द्राक्षबाग तारण ठेवून कर्ज काढलं, त्यावर माझं सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचा परवाना) झालं. तीन वर्षांपूर्वी एका प्रादेशिक विमान कंपनीत एटीआर-७२ विमानावर फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) म्हणून लागलो. टाइप रेटिंगचे, म्हणजे त्या जातीच्या विमानाच्या खास प्रशिक्षणाचे, १८ लाख मीच भरले. तरीही रुजू होताना पाच वर्षांचा बाँड लिहून घेतला : मध्येच सोडलं तर 'प्रशिक्षण खर्च' म्हणून २५ लाख द्यायचे. वडील जामीनदार आहेत आणि माझ्या सहीचे पाच कोरे चेक कंपनीकडे आहेत. गेल्या वर्षी सिम्युलेटरला पाठवण्याआधी आणखी एका कागदावर सही घेतली, त्यात त्या तारखेपासून पुन्हा तीन वर्षांचा बाँड आहे. १५०० तास झाले की कमांडसाठी (कॅप्टन होण्यासाठी) पाठवू असं तोंडी सांगितलं होतं. तास भरून वर्ष झालं, यादीत नाव नाही. आता दुसरीकडे एअरबसवर संधी आहे, त्यांना ६० दिवसांत हजर व्हायला हवंय. एचआर म्हणतं, २५ लाख आणि वर १८ टक्के जीएसटी भरा, नाहीतर चेक बँकेत टाकू आणि एनओसी देणार नाही. वडिलांना रात्रीची झोप नाही. काय करू?

उत्तर : आधी वडिलांना सांगा की एचआरच्या पत्राने बाग जात नाही. जामीनदाराची जबाबदारी मूळ माणसाइतकीच असते, त्याहून जास्त नाही. तुमच्याकडून जेवढं कायद्याने निघेल तेवढंच त्यांच्याकडून मागता येतं. त्यासाठीही आधी दावा, मग पुरावा, मग हुकूमनामा. ज्या बँकेकडे बाग तारण आहे तिचा हप्ता मात्र थकवू नका. तो विषय वेगळा आहे आणि बागेला खरा धोका तिथे आहे.

आता तुमचं. कंपनी तुम्हाला कॉकपिटमध्ये जबरदस्तीने बसवून ठेवू शकत नाही. व्यक्तिगत नोकरीच्या कराराची सक्तीने अंमलबजावणी कोर्ट करत नाही. कंपनीचा हक्क फार तर पैशांवर आहे. पण पैशांवर तो आहे, हेही तितकंच खरं. 'बाँड म्हणजे नुसता कागद' असं मित्र सांगत असतील तर त्यांचं ऐकू नका. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या खटल्यात तीन वर्षांचा आणि दोन लाखांचा बाँड वैध ठरवला. कंपनीचा वकील हा निकाल पहिल्याच नोटिशीत तुमच्यापुढे धरेल, म्हणून त्यातला फरक आत्ताच समजून घ्या. तिथे सरकारी बँक होती. तिला जाहिरात देऊन, खुली निवडप्रक्रिया राबवून जागा भराव्या लागतात, तो खर्च आणि खोळंबा न्यायालयाने विचारात घेतला. रक्कमही दोन लाख होती, पंचवीस नाही.

तुमची खरी लढाई आकड्यावर आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. कोर्ट त्या मर्यादेत वाजवी भरपाई देतं, लिहिलाय म्हणून अख्खा आकडा देत नाही. २०११ च्या एका प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने हेच हिशेब मांडून दाखवलं. बाँड दोन लाखांचा आणि तीन वर्षांचा, प्रशिक्षणावर प्रत्यक्ष खर्च सुमारे ६७ हजार, कर्मचारी दोन वर्षं काम करून गेला. कोर्टाने उरलेल्या एका वर्षापुरता एक तृतीयांश, म्हणजे साधारण साडेबावीस हजार, मंजूर केला.

हेच माप तुमच्या पाच वर्षांना लावा. आजच्या तारखेला तीन वर्षं तुम्ही उडवली, दोन राहिली. २५ लाख हा खरा खर्च मानला तरी दोन पंचमांश म्हणजे १० लाख होतात. आणि तो आकडा तरी खरा का मानायचा? टाइप रेटिंग तुमच्या खिशातून झालं. मग कंपनीने कशावर खर्च केला? लाइन ट्रेनिंगवर, म्हणजे प्रत्यक्ष फेऱ्यांतल्या सरावावर म्हणाल, तर त्या फेऱ्यांत प्रवासी बसलेले होते, तिकिटं विकलेली होती. राहतात सिम्युलेटरचं भाडं, प्रशिक्षकाचा वेळ, प्रवास, मुक्काम. याची बिलं लेखी मागा. १८ लाखांच्या तुमच्या पावत्या आणि बँकेचा उतारा एका फाइलीत लावा. माझ्या मते तुमच्या प्रकरणातला सगळ्यात जड कागद तोच आहे. घरचा पैसा घालून मुलगा शिकतो आणि त्याच शिक्षणाचा खर्च कंपनी स्वतःच्या नावावर मांडते, हे वाचून मला संताप आला. पण कोर्टात संताप चालत नाही, पावती चालते.

दुसऱ्या कागदाबद्दल मला कमी चिंता वाटते. दर सहा महिन्यांची पीपीसी (वैमानिकाची कौशल्य तपासणी) आणि ठरावीक काळाने होणारं रिकरंट, म्हणजे उजळणीचं, ट्रेनिंग यांच्याशिवाय कंपनी तुम्हाला उड्डाणावर पाठवूच शकत नाही. ते तिचं नियमाने आलेलं काम आहे. जे तिला करावंच लागतं त्याच्या बदल्यात तुमची आणखी तीन वर्षं बांधून घेतली, तर मोबदला काय दिला हा प्रश्न उभा राहतो, आणि मोबदल्याशिवाय करार टिकणं अवघड. 'सही केली नाही तर रोस्टरवर घेणार नाही' असा मेल किंवा व्हॉट्सअ‍ॅप आला असेल तर जपून ठेवा. तोंडी बोलले असतील तर कोण, कुठे, कोणत्या तारखेला, हे आजच लिहून काढा.

जीएसटीची मागणी सरळ नाकारा. ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात (क्रमांक १७८) केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने स्पष्ट केलंय की ठरल्या मुदतीआधी नोकरी सोडल्याबद्दल घेतलेल्या बाँडच्या रकमेवर जीएसटी लागत नाही. म्हणजे साडेचार लाख तर इथेच गळले.

आता कोरे चेक. इथे सावध राहा. 'स्टॉप पेमेंट' दिलं किंवा खातं बंद केलं की सुटलो, असं नाही. चेक न वटण्याचं कलम १३८ तरीही लागू शकतं. सही करून दिलेल्या कोऱ्या चेकवरही देणं असल्याचं गृहीतक उभं राहतं, ते खोडून काढायची जबाबदारी तुमची. तुमचा बचाव असा की चेक भरला त्या दिवशी तेवढी रक्कम देणं लागतच नव्हती, कारण खर्चाचा हिशेबच झालेला नाही. हे आत्ताच, चेक टाकण्याआधी, मेलने कळवून ठेवा आणि पाचही चेकचे नंबर लिहून ते परत मागा. चेक परत गेलाच तर कंपनीची नोटीस येईल. ती मिळाल्यापासून पैसे भरायला १५ दिवस असतात, एकही वाया घालवू नका. खटला कंपनीचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात चालतो, आपल्या नाशिकच्या सीबीएसजवळच्या कोर्टात नाही. म्हणून तडजोडीचा विचार करताना तिकडच्या तारखांचा प्रवास आणि बुडणारी ड्युटीही मोजा.

नोटीस पीरियडच्या बाबतीत मात्र मी तुमच्या बाजूने फार काही सांगू शकत नाही. डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या २०१७ च्या सीएआरप्रमाणे (उड्डाणविषयक नियम) फर्स्ट ऑफिसरला सहा महिने आणि कमांडरला एक वर्ष नोटीस द्यावी लागते. कंपनीने एनओसी देऊन लवकर सोडलं तरच ती कमी होते. म्हणून ६० दिवसांच्या हट्टापायी उठून जाऊ नका. नव्या कंपनीला खरं सांगा. भरती करणाऱ्यांना हा नियम माहीत असतो, पुढच्या बॅचची तारीख मागा. राजीनामा आजच मेलने आणि स्पीड पोस्टाने पाठवा, म्हणजे सहा महिने आजपासून मोजले जातील. त्यात बाँडच्या रकमेची कबुली चुकूनही लिहू नका, 'हिशेब स्वतंत्रपणे ठरेल' एवढंच लिहा.

त्या सहा महिन्यांत प्रत्येक ड्युटी करा. खोटं आजारपण टाकू नका. पण खरोखर थकलेले असाल तर फटीग रिपोर्ट द्यायला कचरू नका. राजीनामा दिला म्हणून एफडीटीएलमधली (ड्युटीच्या तासांच्या नियमांतली) विश्रांती कमी होत नाही, आणि मागे सत्तर माणसं बसलेली असतात. कंपनीने पगार कापला किंवा अटी तुमच्या विरोधात बदलल्या, तर मुदतीआधी मोकळं करण्याची मागणी करायला त्याच सीएआरमध्ये जागा आहे. ईजीसीएवरच्या (डीजीसीएच्या ऑनलाइन पोर्टलवरच्या) लॉगबुकातले सगळे तास कंपनीकडून आत्ताच मंजूर करून घ्या. नंतर त्यासाठी खेटे घालावे लागतात.

कमांडच्या तोंडी शब्दावर दावा उभा राहणार नाही. १५०० तास हा एटीपीएलचा (कॅप्टन होण्यासाठी लागणाऱ्या वरच्या परवान्याचा) एक निकष आहे. तो पुरा झाला म्हणून डावी, म्हणजे कॅप्टनची, सीट हक्काची होत नाही, ती द्यायची कधी हे कंपनी ठरवते. तडजोडीच्या टेबलावर मात्र हा मुद्दा जरूर मांडा.

करारात लवादाचं कलम आहे का आणि लवाद कोण नेमणार, हेही पाहा. कंपनीने एकटीनेच नेमायचा असं लिहिलं असेल, तर ते सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या आणि नोव्हेंबर २०२४ मधल्या पाच न्यायाधीशांच्या निकालापुढे टिकणं कठीण आहे.

माझा सल्ला : स्वतःहून एक आकडा द्या. खर्चाची बिलं पाहून, नोटिशीचे सहा महिने भरल्यावर उरणाऱ्या दीड वर्षाच्या प्रमाणात, हप्त्याने देण्याची तयारी लेखी कळवा, आणि त्या बदल्यात चेक, एनओसी आणि वडिलांच्या जामिनातून मुक्ततेचं पत्र एकाच वेळी मागा. सही करण्याआधी दोन्ही बाँड, पावत्या आणि मेल घेऊन इथल्या एखाद्या दिवाणी वकिलाला भेटा. जाताना वडिलांना बरोबर घेऊन जा. सही त्यांचीही आहे, तेव्हा सगळं त्यांनीही स्वतःच्या कानांनी ऐकलेलं बरं.