धूम्रपान सोडलेल्या वडिलांना बीटा कॅरोटीन असलेली डोळ्यांची कॅप्सूल द्यावी का?

तुमच्या वडिलांनी काही वर्षांपूर्वी सिगारेट सोडली, आता मॅक्युलर डीजनरेशनचे (दृष्टिपटलाच्या मध्यभागाच्या झिजेचे) निदान झाले, नेत्रतज्ज्ञांनी लिहिलेली गोळी मिळाली नाही म्हणून दुकानदाराने ‘कंटेंट सेम आहे’ असे सांगून दुसरी कॅप्सूल दिली आणि तिच्यात बीटा कॅरोटीन (शरीरात ज्याचे जीवनसत्त्व अ बनते तो गाजरातील रंगद्रव्य घटक) आहे, हे तुम्ही लिहिलेले वाचून राहवले नाही. माझ्या वडिलांच्या बाबतीत नेमके हेच घडले होते. मी डॉक्टर नाही. निर्णय तुमच्या नेत्रतज्ज्ञांचाच. परंतु त्यांच्याशी बोलणे होईपर्यंत ही कॅप्सूल देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कंटेंट सेम नसते. या आजारासाठी दिल्या जाणाऱ्या जीवनसत्त्वे व खनिजांच्या मिश्रणाच्या, म्हणजे सूत्राच्या, दोन आवृत्त्या आहेत. 2001 साली निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या ‘एरेड्स’ या अमेरिकी अभ्यासातील पहिल्या सूत्रात 15 मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन होते. 2013 सालच्या ‘एरेड्स 2’ मध्ये त्याऐवजी 10 मिलिग्रॅम ल्युटीन आणि 2 मिलिग्रॅम झियाझँथिन (ही भाज्यांत आढळणारी दुसरी रंगद्रव्ये) घालून पाहिले गेले. त्या अभ्यासात बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांपैकी 2 टक्के लोकांना फुप्फुसाचा कर्करोग झाला, न घेणाऱ्यांपैकी 0.9 टक्के लोकांना. आणि कर्करोग झालेले हे रुग्ण बहुतांशी धूम्रपान सोडलेलेच होते. म्हणजे ‘आता ते ओढत नाहीत’ एवढ्याने प्रश्न मिटत नाही.

ही शंका तेव्हाही नवी नव्हती. भाज्या व फळे भरपूर खाणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग कमी दिसतो, यावरून बीटा कॅरोटीन संरक्षण देईल असे मानून फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली, आणि 1994 साली निष्कर्ष आला तो उलटा: रोज 20 मिलिग्रॅम घेणाऱ्यांत हा कर्करोग 18 टक्क्यांनी अधिक. अमेरिकेतील ‘कॅरेट’ चाचणीत बीटा कॅरोटीनसोबत जीवनसत्त्व अ देत होते. तेथे 28 टक्क्यांनी वाढ दिसल्यामुळे ती चाचणी 1996 च्या जानेवारीत मुदतीआधीच थांबवण्यात आली. गाजर, शेवग्याचा पाला किंवा पालक यांना घाबरण्याचे मात्र कारण नाही. प्रश्न एकाच घटकाच्या मोठ्या, रोजच्या मात्रेचा आहे.

आम्हाला सर्वांत जास्त मनस्ताप दिला तो कॅप्सूल बनवणाऱ्या कंपनीच्या ग्राहक सेवेने. पट्टीवर केवळ ‘व्हिटॅमिन ए’ आणि आययूमधील (जीवनसत्त्वे मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय एककातील) आकडा होता. ते बीटा कॅरोटीनच्या स्वरूपात आहे की थेट जीवनसत्त्व अ म्हणून, एवढेच मला हवे होते. फोनवर प्रत्येक वेळी नवी व्यक्ती, ‘उत्पादन नैसर्गिक आहे’ हे पाठ केलेले वाक्य, आणि ईमेलला आलेले उत्तर ‘आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या’. डॉक्टरांकडे गेलो तर तेही रास्तपणे विचारणार की आत काय आहे! धूम्रपानाचा इतिहास असलेल्या वृद्धांच्या हाती जाणाऱ्या वस्तूबद्दल इतकी साधी माहिती न देणे मला आजही अक्षम्य वाटते. त्यामुळे, 15 मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन म्हणजे सुमारे 25,000 आययू, हा हिशेब लक्षात ठेवा आणि स्वरूप लिहिलेले नसेल ती पट्टी दुकानातच परत करा.

आणखी एक गोष्ट. दोन्ही सूत्रांत 400 आययू जीवनसत्त्व ई असते. ‘सिलेक्ट’ या चाचणीत तेवढीच मात्रा रोज घेणाऱ्या पुरुषांमध्ये प्रोस्टेटचा कर्करोग 17 टक्क्यांनी अधिक आढळल्याचे 2011 साली जाहीर झाले. याचा अर्थ योग्य गोळीही बंद करावी असा नाही. आजार मध्यम टप्प्यावर असेल तर तो पुढच्या टप्प्यात जाण्याचा धोका या सूत्राने पाच वर्षांत सुमारे 25 टक्क्यांनी घटतो, आणि दृष्टी वाचवणे ही लहान गोष्ट नाही. परंतु आजार कोणत्या टप्प्यावर आहे हे अवश्य विचारा, आणि ‘आपणही खबरदारी म्हणून घेऊ’ असे घरातील इतरांनी मुळीच करू नये.

काही आठवडे कॅप्सूल घेतली म्हणून घाबरून जाऊ नका. चाचण्यांमधील लोक ती वर्षानुवर्षे घेत होते, आणि फिनलंडमध्ये गोळ्या थांबल्यावर वाढलेला धोका पुढील काही वर्षांत ओसरत गेला. पुढच्या भेटीत पट्टी सोबत न्या, वडिलांनी किती वर्षे आणि दिवसाला किती सिगारेटी ओढल्या हे न लपवता सांगा, आणि चिठ्ठीवर ‘बीटा कॅरोटीनविरहित’ असे डॉक्टरांकडून लिहून घ्या, म्हणजे दुकानदाराला परस्पर बदल करता येणार नाही.