आधी अंडं कुठे घालते ते ठरव

तू कल्पनेतून रचलेल्या 'खारनागिणी'चं वर्णन वाचलं. पंख, निळे डोळे, चांदीचे खवले, सगळं झकास. पण ती जन्मते कुठे, पहिल्या पावसात खाते काय, हे कुठेच नाही. मीही सुरुवातीला हेच केलं होतं आणि माझा प्राणी तीन वर्षं नुसतं चित्र राहिला.

तुझं घर गोव्यातल्या चोडण बेटावर, खाजन (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतजमीन) दारात. एक दिवस मानशीपाशी, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारापाशी, बसून बघ. भरती चढली की लाकडी झडपा पाण्याच्या रेट्याने आपसूक मिटतात, ओहोटीला उघडतात. तुझं पिल्लू त्या फटीतून आत शिरतं का? मग बालपण शेतात, मोठेपण नदीत. पावसात पाणी गोडं झालं की कात, पुन्हा खारट झालं की वीण.

मोरजीच्या किनाऱ्यावर अंडी घालणाऱ्या कासवाकडूनही शिक. एका घरट्यात शंभरेक अंडी, ४५ ते ६० दिवसांत पिल्लं, वाळू जास्त तापली तर माद्या अधिक. जगतात मोजकीच. तुझी नागीण एकच अंडं घालत असेल तर तिला ते जिवापाड राखावं लागेल. अंड्यांच्या संख्येतून आईचा स्वभाव निघतो, मला यातलं हेच सर्वांत आवडतं.

म्हातारपण दोन ओळींत उरक. मरण मात्र टाळू नकोस. कांदळवनाच्या चिखलात तिला कुर्ल्या (खेकडे) खातात का, तेही लिही.

पंखांना सध्या हात लावू नकोस. पिल्लाचा पहिला आठवडा तेवढा लिहून पाठव.