पिशवीवाला घ्यायचा की डब्यावाला? वाचकांचे सवाल, आमचे जवाब

मागच्या अंकात सोफा घरच्या घरी कसा साफ करायचा ते लिहिलं होतं, त्यात मी सहज एक ओळ टाकली की "व्हॅक्यूम क्लीनर असला तर बरं". बस, त्या एका ओळीवर पत्रांचा ढीग आला. सोफ्याबद्दल कोणी काही विचारलं नाही, सगळ्यांना बॅगवाला (धूळ पिशवीत साठवणारा) घ्यायचा की बॅगलेस (पिशवीऐवजी डब्यात साठवणारा) याचंच पडलंय. मी स्वतः एकेकाळी पाठीवर मशीन टाकून दारोदार डेमो देत फिरलोय आणि नंतर काउंटरवरही बसलोय, त्यामुळे यावेळचा सगळा कॉलम यालाच देऊन टाकतो.

प्रश्न (जळगाव): श्रावणात घरी कानबाई देवी बसायच्या आधी घर वरपासून खालपर्यंत झाडून काढायचंय म्हणून मशीन घ्यायचं ठरलं. दुकानात बॅगवाला 6,500 सांगितला, बॅगलेस 9,800. बॅगवाल्याच्या कागदी बॅगा 5 च्या पॅकला 900 रुपये, रोज वापरलं तर दीड महिन्याला एक लागेल म्हणे. आमचे हे म्हणतात बॅगलेसच घे, एकदाच काय ते पैसे जातील. खरंय का?

उत्तर: ताई, त्यांचं अर्धंच खरंय. चला, तुमच्याच आकड्यांनी हिशोब करू. दीड महिन्याला एक म्हणजे वर्षाला 8 बॅगा, एक बॅग 180 ला पडते, वर्षाचे झाले 1,440 आणि पाच वर्षांचे 7,200. मशीनचे 6,500 धरून 13,700. आता बॅगलेसला बॅग नसते पण फिल्टर असतो, तो धुवायचा असला तरी कधीतरी बदलावाच लागतो. वर्षाला एक, 800 चा धरा (दुकानात खरा भाव विचारून घ्या), पहिला मशीनसोबतच येतो म्हणजे चार लागले, 3,200. एकूण 13,000. म्हणजे दुकानात जो 3,300 चा फरक दिसत होता तो पाच वर्षांत उलटून 700 वर आला, तोही बॅगलेसच्या बाजूने.

पण थांबा, हे रोज वापरलं तर. आता खरं सांगा, तुमच्याकडे झाडू-पोछ्याला मावशी येतात ना? मग मशीन निघणार सोफा, गादी, पंख्यावरची धूळ आणि जाळ्या काढायला, म्हणजे महिन्यातून दोनदा. तेव्हा एक बॅग चार महिने चालते, वर्षाला 3 बॅगा, 540 रुपये, पाच वर्षांत 2,700, एकूण 9,200. बॅगलेसला दोन फिल्टर धरले तरी 11,400. इथे बॅगवाला 2,200 ने स्वस्त पडला. मी डेमो देऊन विकलेल्या मशीनी सहा महिन्यांनी सर्व्हिसला गेलो की हमखास माळ्यावर सापडायच्या, खोक्यासकट, वर जुनी सतरंजी.

आणि एक गोष्ट नक्की विचारा, त्या मॉडेलला कापडी बॅग बसते का. आपल्याकडे बऱ्याच मशीनसोबत कापडीच येते, झटकायची, धुवायची, परत लावायची. तसं असेल तर बॅगेचा खर्च जवळपास गेलाच, मग हा सगळा हिशोबच बदलतो.

आता आपल्या खान्देशातली भानगड. एप्रिल-मेमध्ये दुपारी वारं सुटलं की पिठासारखी बारीक माती घरात येते, दार लावा नाहीतर खिडकी लावा, येतेच. बॅग म्हणजे नुसती पिशवी नाही, तीच गाळणी आहे, हवा तिच्या कापडातून किंवा कागदातून बाहेर पडते. ही बारीक माती त्या छिद्रांत जाऊन बसते आणि बॅग अर्धी रिकामी असली तरी मशीन ओढायचं कमी होतं, मग माणूस म्हणतो मोटर गेली. मोटर नाही गेली हो, बॅगेचा श्वास कोंडलाय. म्हणून बॅग भरायची वाट पाहू नका, ओढ कमी वाटली की काढा.

बॅगलेस कसं चालतं ते बघायचं तर एमआयडीसीत कुठल्याही दालमिलपाशी जाऊन वर बघा, उलट्या शंकूसारखं पत्र्याचं धूड दिसेल. त्यात हवा गरागरा फिरते, कचरा जड असल्यामुळे भिंतीला आपटून खाली पडतो, हवा वरून निघून जाते. बॅगलेसच्या डब्यात तेच छोटं करून बसवलंय. जेम्स डायसन नावाच्या इंग्रजाला ही युक्ती लाकडाच्या मिलवर असंच धूड बघून सुचली, आणि ती घरात बसवायला त्याने 5,127 नमुने बनवले. पण अगदी बारीक धूळ त्या गरगरण्यातूनही निसटते, म्हणून पुढे फिल्टर. तो धुतला की पूर्ण सुकू द्यायचा, कंपन्या 24 तास सांगतात. मे महिन्यात आपल्याकडे दोन तासांत कडक होईल तो वेगळा भाग, पण श्रावणात कानबाईच्या गडबडीत ओला फिल्टर लावलात तर वासही येईल आणि मोटरही जाईल.

प्रश्न (चाळीसगाव, दुकानदार): भाऊ, आमची पण बाजू मांडा. गिऱ्हाईक येतं, मोबाईल दाखवतं, ऑनलाईनचा रेट माझ्या खरेदीच्या खाली. वर सगळ्यांना बॅगलेसच पाहिजे, माझ्याकडे बॅगवाले पाच नग पडलेत. काय करू, फ्री गिफ्ट लावून काढू का?

उत्तर: कसं काय भाऊ, बरं शे ना? फ्री गिफ्टचं आधी सांगतो, कारण त्यात एक मोठी कंपनी बुडता बुडता राहिली. 1992 मध्ये इंग्लंडात व्हॅक्यूम क्लीनर बनवणाऱ्या हूवर कंपनीने स्कीम काढली, 100 पौंडाच्या वर काहीही घ्या, दोन विमानाची तिकिटं फुकट, आणि नंतर तर अमेरिकेची सुद्धा दिली. तिकीट मशीनपेक्षा महाग! लोकांनी काय केलं असेल? ज्यांना मशीन नको होतं त्यांनीही घेतलं, तिकिटासाठी. कंपनीचे साधारण 5 कोटी पौंड गेले, साहेब लोक घरी गेले, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि तीच मशीनं वापरलेल्या मालाच्या बाजारात स्वस्तात विकायला आली, म्हणजे नवीन मालाचंही गिऱ्हाईक गेलं. तुम्ही कढई फुकट द्याल, विमान नाही, पण कढईसाठी आलेलं गिऱ्हाईक परत येत नाही हे तिकडेही तेच.

दुसरं असं की त्या डायसनला सुरुवातीला कोणी मोठी कंपनी हातच लावत नव्हती. त्याचं म्हणणं, या कंपन्यांचा धंदा मशीनपेक्षा बॅगा विकण्यावर चालायचा, मग बॅगच नको म्हणणाऱ्याला कोण घरात घेईल. शेवटी 1993 मध्ये त्याने स्वतःच मशीन काढलं, इतरांपेक्षा बरंच महाग, आणि दीड वर्षात ते ब्रिटनमध्ये सगळ्यात जास्त खपणारं झालं. डबा पारदर्शक ठेवला होता, लोकांनी सांगितलं घाण कशाला दाखवतो, त्याने ऐकलं नाही. मी स्वतः विकलंय म्हणून सांगतो, गिऱ्हाईकाला स्वतःच्या गादीतली धूळ दिसली की भाव विचारणं कमी होतं. आम्ही पाईपवर काळं कापड लावून तीच धूळ दाखवायचो, पांढरी भुकटी, बाई "अगं बाई" म्हणायच्या आणि चहा ठेवायच्या. (कुठल्याही गादीतून ती निघतेच, आमच्या घरच्याही, हे आम्ही सांगायचो नाही.)

तर तुम्ही काय करा, ते बॅगवाले पाच नग ऑनलाईनशी भावात लढवू नका, हरालच. त्या मॉडेलच्या बॅगा आणि फिल्टर दुकानात भरून ठेवा आणि गिऱ्हाईकाला दाखवा, "बॅग इथेच मिळेल, आत्ता बसवून दाखवतो". ऑनलाईन घेतलेल्याचं खरं दुखणं दोन वर्षांनी सुरू होतं, त्या मापाची बॅग कुठेच मिळत नाही, मग माणूस जुनी फाटकी दोऱ्याने शिवून लावतो. बॅगवाला विकलात तर ते गिऱ्हाईक वर्षात तीनदा तरी तुमच्याकडे येईल, बॅगलेसवालं एकदा गेलं की गेलं. आणि दुकानात एक मशीन कायम उघडं प्लगला लावलेलं ठेवा, खोक्यावरचं चित्र बघून कोणी हजारो रुपये देत नाही.

प्रश्न (भुसावळ): सासूबाईंना दमा आहे. बॅगलेस जास्त स्वच्छ ना?

उत्तर: चालवताना दोन्ही ठीक, खरा त्रास रिकामं करताना. कागदी बॅग तोंड बंद करून सरळ कचऱ्यात जाते, धूळ फारशी उडत नाही. बॅगलेसचा डबा उघडला की भसकन ढग येतो, आणि कापडी बॅग झटकणं तर सगळ्यात वाईट. दम्याच्या घरात मी टाकून द्यायची बॅग आणि पुढे हेपा (अगदी बारीक धूळ अडवणारा) फिल्टर असलेलं मशीन घेईन, थोडं महाग पडलं तरी. चांगला हेपा 0.3 मायक्रॉनचे 99.9 टक्क्यांच्या वर कण अडवतो, पण मशीनच्या जोडातूनच हवा निसटत असेल तर त्या फिल्टरला काय अर्थ, म्हणून झाकण घट्ट बसतं का ते दुकानात दाबून बघा. बॅगलेसच घेतलं असेल तर डबा सासूबाईंनी नाही, दुसऱ्या कोणी, अंगणात, ओल्या पेपरवर आणि तोंडाला रुमाल बांधून रिकामा करायचा.

प्रश्न (नंदुरबार): 1600 वॅटचं घेऊ का 1200 चं? जास्त वॅट म्हणजे जास्त ओढतं ना?

उत्तर: नाही. वॅट म्हणजे ते किती वीज खातं. ओढ वेगळी, ती खोक्यावर केपीए (किलोपास्कल, ओढीचं माप) मध्ये लिहिलेली असते, ती बघा. बिलाचं म्हणाल तर 1200 वॅटचं अर्धा तास चालवलं की 0.6 युनिट, फार नाही. पण खोक्यावरचे आकडे कोऱ्या मशीनचे असतात हे ध्यानात ठेवा. युरोपात व्हॅक्यूमवर एनर्जी लेबल लावायचे, त्याची टेस्ट बॅग रिकामी ठेवून व्हायची, त्यावर डायसन कोर्टात गेला आणि 2018 मध्ये कोर्टाने तो लेबलचा नियमच रद्द केला. रिकाम्या बॅगेने घर कोण झाडतं!

प्रश्न (धुळे): खोक्यावर एमआरपी 12,990, दुकानदार म्हणाला तुम्हाला 7,499 ला देतो, वर जीएसटी वेगळा. एवढी सूट म्हणजे माल जुना असेल का?

उत्तर: जुना असेलच असं नाही, एमआरपी मुळात फुगवून छापतात म्हणजे सूट मोठी दिसते. त्या छापील आकड्याकडे बघूच नका, तेच मॉडेल अजून दोन दुकानांत कितीला आहे ते बघा. जीएसटीचं मात्र नीट समजून घ्या. एमआरपीत सगळे टॅक्स धरलेले असतात, तिच्या वर एक रुपया घेता येत नाही. खाली विकताना काही दुकानदार टॅक्स वेगळा ठेवून भाव सांगतात, म्हणून आधीच विचारायचं, "हातात बिल किती रुपयांचं येईल?" 2018 पासून व्हॅक्यूम क्लीनरवर जीएसटी 18 टक्के आहे, आधी 28 होता. म्हणजे 7,499 वर 18 टक्के लावले की 8,849 होतात, आणि शेजारचा 8,200 ला सगळं धरून देत असेल तर तो स्वस्त. पक्कं बिल आणि शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड घेतल्याशिवाय दुकानातून उठू नका. कोणी एमआरपीच्या वर मागितलं तर 1915 ही ग्राहक हेल्पलाईन आहे, फोन लावा.

हप्त्यावर घेत असाल तर "नो कॉस्ट" शब्दावर भाळू नका, प्रोसेसिंग फी किती ते विचारा, आणि तेच मशीन रोख दिलं तर अजून किती कमी करता हेही विचारा. मी काउंटरवर असताना रोख विचारणाऱ्याला तीन-चारशे कमी करायचोच, न विचारणाऱ्याला कधीच नाही.