आरसी विमान (रिमोटने उडवायचं) स्वतः डिझाइन करतोय. कोणता एअरफॉइल (पंखाच्या छेदाचा आकार) वापरू आणि मोटर किती ताकदीची घेऊ?

तुम्ही एअरफॉइल आणि मोटर एवढंच विचारलंय, म्हणून मुद्दाम लिहितोय. मीही याच दोन गोष्टींपासून सुरुवात केली होती. त्यात माझी दोन विमानं गेली आणि जवळजवळ तीन वर्षं गेली.

माझं पहिलं स्वतःचं डिझाइन म्हणजे बाल्साच्या हलक्या लाकडाचं, वर पंख असलेलं विमान. स्पॅन, म्हणजे पंखाची टोकापासून टोकापर्यंत लांबी, 120 सेंटीमीटर, कॉर्ड, म्हणजे पंखाची पुढून मागे रुंदी, 20, बॅटरीसकट वजन 1.2 किलो. एअरफॉइल निवडायला मी तीन आठवडे घालवले आणि क्लार्क वाय नावाचा जुना, प्रचलित आकार घेतला. धड मात्र डोळ्याला छान दिसेल असं काढलं, आखूड आणि नाकाशी निमुळतं. आडवी शेपूट लहान ठेवली, कारण मोठी काढली की विमान बेढब दिसायचं. नाकात बॅटरी मावेना, म्हणून तिची जागा पंखाखाली केली.

मैदानावर एक ज्येष्ठ काका यायचे. सगळे त्यांचा शब्द मानायचे, मीही मानायचो. मी पंखाखाली दोन बोटं लावून विमान तोलून पाहिलं, तर शेपूट हळूच खाली गेली, म्हणजे तोल मागे होता. काकांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "थोडं मागे असू दे, चपळ होतं."

हातातून सुटल्यावर विमानाने लगेच नाक वर काढलं. मी एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीवरची फळी) खाली दिला, तर ते नुसतं सरळ न होता जमिनीकडे वळलं. स्टिक मागे ओढली, तर आधीपेक्षा जास्त वर गेलं. प्रत्येक वेळी मी अर्धा क्षण मागे आणि प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा. तिसऱ्या वेळी ते जवळजवळ उभं राहिलं, वेग संपला, डावा पंख पडला आणि गिरकी घेत खाली आलं. सगळा खेळ दहा सेकंदांचाही नसेल. पंख शाबूत होता, धड मोटरमागे तुटलेलं.

काका म्हणाले, "हात कच्चा आहे तुझा. आणि मोटर कमी पडतेय. ताकद असली की काहीही उडतं."

मी दोन्ही गोष्टी खऱ्या मानल्या. काही महिने रोज सिम्युलेटरवर हात बसवला. तसंच दुसरं धड बांधलं, मोठी मोटर लावली आणि तिच्यासाठी मोठी बॅटरी त्याच पंखाखालच्या जागेत बसवली. वजन 1.45 किलोवर गेलं. ते विमानही तसंच हेलकावत पडलं, फक्त जास्त वेगाने. त्यानंतर मी मैदानावर जाणंच सोडलं. आपला हातच वाईट आहे असं माणसाने एकदा धरलं की पुढे करण्यासारखं काही उरत नाही.

बऱ्याच काळाने भाचीसाठी फोमचं एक हाताने फेकायचं ग्लायडर कापलं. नाकाला चिकणमातीची गोळी लावली होती. ती गोळी काढायची, मागे लावायची, पुन्हा फेकायची, असा तिचा खेळ चालला होता. गोळी पंखापाशी आली तेव्हा ग्लायडरने नाक वर काढलं, थांबलं, पडलं. मी ती चाल ओळखली. माझी दोन्ही विमानं अगदी अशीच गेली होती, आणि या ग्लायडरला तर कुणाचा हातच नव्हता.

मग पहिल्या विमानाचं मोडकं धड माळ्यावरून काढलं, टेपने जोडलं, बॅटरी जुन्याच जागी ठेवली आणि मापं घेतली. सीजी, म्हणजे विमान जिथे तोललं जातं तो गुरुत्वमध्य, पंखाच्या पुढच्या कडेपासून 78 मिलिमीटरवर, म्हणजे कॉर्डच्या 39 टक्क्यांवर. शेपटीचं क्षेत्रफळ 300 चौरस सेंटीमीटर, पंखापासून अंतर 45 सेंटीमीटर. शेपूट पुरेशी आहे का, हे बघायला शेपटीच्या क्षेत्राला त्या अंतराने गुणायचं आणि पंखाचं क्षेत्र गुणिले कॉर्ड याने भागायचं. माझं उत्तर आलं 0.28. शिकाऊ विमानाला 0.5च्या आसपास लागतं.

या आकड्याचा अर्थ असा. विमानाचा एक उदासीन बिंदू असतो, न्यूट्रल पॉइंट. झुळकीने नाक वर उचललं की वाढलेली उचल त्या बिंदूवर लागते. सीजी त्याच्या पुढे असेल तर विमान आपोआप नाक खाली आणतं. मागे असेल तर नाक आणखी वर जातं. साध्या आयताकृती पंखाच्या विमानात हा बिंदू साधारण 25 टक्के अधिक वरच्या आकड्याच्या 0.4 ते 0.45 पट इतक्या जागी येतो. माझ्या विमानात तो फार तर 37-38 टक्क्यांवर होता आणि सीजी 39वर. असं विमान सिम्युलेटरवर वर्षभर बसलेल्या माणसालाही सांभाळता आलं नसतं.

सर्वांत लागलं ते पुढचं गणित. सीजी 20 मिलिमीटर पुढे हवा होता. 1200 ग्रॅमचं विमान, 180 ग्रॅमची बॅटरी: बॅटरी 13 सेंटीमीटर पुढे सरकवली असती तर काम झालं असतं. नाक थोडं जाड काढायचं, एवढंच. मी जुनाच पंख घेतला, धडाचं नाक रुंद केलं आणि शेपूट 480 चौरस सेंटीमीटरची करून 50 सेंटीमीटरवर नेली. आकडा बरोबर 0.5 आला. जुनी लहान मोटर परत लावली. विमान उडालं. मी स्टिकवरून अंगठे उचलले तरी सरळ जात राहिलं.

काकांना हे सगळे आकडे दाखवले. ते म्हणाले, "हे पुस्तकी झालं. राइट बंधूंचं विमानही अस्थिरच होतं, त्यांनी हाताने उडवलं." खरं आहे, 1903चं त्यांचं विमान अस्थिरच होतं. पण त्याआधी ते ग्लायडरवर शेकडो वेळा उडाले होते, आणि 1904मध्ये त्यांनीच पुढच्या भागात वजन बांधून सीजी पुढे आणला. 1903च्या बत्तीस वर्षं आधी, 1871मध्ये, आल्फोन्स पेनो या फ्रेंच माणसाने पिळलेल्या रबरावर चालणारं छोटं मॉडेल पॅरिसमध्ये उडवून दाखवलं होतं. मागे किंचित ऋण कोनात लावलेली शेपूट होती आणि आत माणूस नव्हता. कच्चा हात, पक्का हात हा प्रश्नच तिथे येत नाही.

आता तुमचा प्रश्न. एअरफॉइल क्लार्क वाय घ्या आणि विषय संपवा. तो 11.7 टक्के जाड आहे आणि खालची बाजू 30 टक्क्यांनंतर सपाट, त्यामुळे पंख टेबलावर सरळ बांधता येतो. 20 सेंटीमीटर कॉर्ड आणि सेकंदाला 10 मीटर वेग धरला तर रेनॉल्ड्स नंबर (पंखाचा आकार आणि वेग यांवरून हवा कशी वाहील ते सांगणारा आकडा) दीड लाखाच्या आतच राहतो. मोठ्या विमानांचे आलेख त्याच्या कितीतरी पट वरच्या आकड्यांचे असतात, ते बघून एअरफॉइल निवडण्यात अर्थ नाही. मोटर किलोमागे 150 ते 200 वॅट, थ्रस्ट, म्हणजे पंख्याची ओढ, वजनाच्या 0.6-0.7 पट. शिकाऊ विमानाला पुष्कळ झालं. मोठी मोटर म्हणजे मोठी बॅटरी, म्हणजे वजन. 1.2 किलोला माझं विमान ताशी 31 किलोमीटरच्या आसपास स्टॉल होत होतं (वेग कमी पडून पंखाची उचल संपत होती), 1.45 किलोला 34. वळणात हा वेग आणखी वाढतो. 60 अंश कललात तर 1.41 पट.

पण हे सगळं नंतर. आधी कागदावर शेपूट ठरवा, मग बॅटरीची जागा, आणि धड त्या बॅटरीभोवती काढा. पहिल्या उड्डाणाला सीजी 28 टक्क्यांवर ठेवा. पुढे उंचीवर ट्रिम करून (स्टिक न धरता सरळ जाईल असं जुळवून) सुमारे 30 अंशांचा सूर मारा आणि स्टिक सोडा. झटकन वर आलं तर नाक जड. आणखी खाली घुसलं तर लगेच उतरवा आणि बॅटरी पुढे सरकवा.

हे राहिलंच: बिनशेपटीच्या विमानाला वरचे टक्के लावू नका, त्यांचा सीजी बराच पुढे लागतो. पंख निमुळता किंवा मागे वळलेला असेल तर आधी सरासरी कॉर्ड काढावी लागते. थ्रीडी, म्हणजे हवेतल्या कसरती, उडवणारे सीजी मुद्दाम मागे नेतात, ते त्यांना जमतं. जायरो (विमान आपोआप सावरणारं उपकरण) लावून वाईट सीजी झाकता येतो, पण पहिल्या विमानात तसं करू नका, नाहीतर चूक कुठे आहे हे कधीच कळणार नाही.

तुमचा स्पॅन, कॉर्ड, शेपटीची लांबी-रुंदी आणि बॅटरीचं वजन खाली लिहा. बॅटरी कुठे बसवायची ते मी मिलिमीटरमध्ये काढून देईन.