पहिल्या वर्षी चित्रकलेच्या तासाला एवढंच सांभाळा

ताई, जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला चित्रकलेचा तास मिळालाय, मग रंगपेट्यांसाठी थांबू नका. गेरू, कोळसा, पाण्यात कालवलेलं तांदळाचं पीठ आणि टोक चेचलेली बांबूची काडी पुरते. वारली चित्रं गेरू, तांदळाचं पीठ आणि अशाच काडीवर भिंतींवर उतरली.

सुरुवातीला सगळ्यांकडून हमखास होणाऱ्या चुका:

- फळ्यावर दोन डोंगर, मधे सूर्य, खाली झोपडी काढून देणं. मग चाळीस वह्यांत तोच सूर्य उगवतो. त्यापेक्षा विचारा, "सकाळी शाळेला येताना काय दिसलं?" आणि गप्प बसा. पहिली दहा मिनिटं कुणी काहीच काढणार नाही, ती दहा मिनिटं सोसा.
- मुलाच्या चित्रावर आपली पेन्सिल चालवणं. मीही हे केलंय; त्या मुलीने पुढे महिनाभर कागद माझ्यापुढे धरला नाही.
- परीक्षा जवळ आली की हा तास गणिताला देणं. मुख्याध्यापकांना नम्रपणे पण ठाम नाही म्हणा.

छायाप्रकाश, यथार्थदर्शन (जवळचं मोठं, लांबचं लहान दाखवणं) आत्ता नको. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांचा विचार हायस्कूलला गेल्यावर. आणि हो, चित्रं भिंतीवर लावाल तेव्हा सगळ्यांची लावा, फक्त "छान" असलेली नाही.